कुडाची भिंत आणि थरांमधील ताण
कळवणच्या डोंगरी पाड्यांवरील कुडाची भिंत श्रोत्यांनीं आठवावी. आंत कारवीच्या काठ्या, वर मातीचा लेप, त्यावर शेणाचें सारवण. माती दाब सोसते, पण ओढ लागतांच तडकते; ती ओढ कारवी पेलते. खरा प्रश्न दोघींच्या सांध्याचा. माती सुकतांना आकसते, काठी तितकी आकसत नाहीं. म्हणून सांध्यावर एकीला दुसरीवरून घसरविणारा ताण उत्पन्न होतो. तो कडेशीं, चौकटीजवळ, सर्वांत तीव्र. पोपडा बहुधा तेथूनच सुटतो. मग फटींत पाणी शिरतें, कारवी कुजते आणि ओढ सोसणारें कोणी उरत नाहीं. नाशिकजवळील ओझर येथून २०२५ सालीं उडालेल्या तेजस विमानाच्या पंखांतील कार्बन-तंतूंचे थरही कडेशीं असेच सुटूं पाहतात. तेथील पोपडा मात्र डोळ्यांस दिसत नाहीं, तो ध्वनितरंगांनीं शोधावा लागतो.