गुलखैऱ्याचं बी

सकाळी सव्वासहा. ऑक्टोबरचा मधला आठवडा. चहाचं आधण ठेवण्याआधी मी मागच्या दारी जाते आणि न्हाणीच्या भिंतीलगतची चार झुडपं बघते. गेल्या ऑक्टोबरात बी टाकून आलेला हा गुलखैरा, म्हणजे नर्सरीत ज्याला हॉलीहॉक म्हणतात तो. फेब्रुवारीअखेर फुलायला लागला आणि एप्रिलपर्यंत फुलत राहिला, माझ्या डोक्यावर हातभर उंच. अकरा झाडं होती. फुलं सरल्यावर मी ती उपटली नाहीत, वीतभर ठेवून छाटली. अख्खा उन्हाळा, मग पावसाळा गेला. सात वाळली, चार राहिली. आज त्या चारांच्या बुडातून पंजाएवढी लवदार पानं निघाली आहेत. आपल्याकडं हे हंगामी फूलझाड म्हणून विकतात. थंड मुलखात मात्र ते दोन-तीन वर्षं सहज काढतं. बारामतीच्या उन्हात काढतं का, एवढंच मला बघायचं होतं.

सात वाजता पहार घेते. आमचं गाव लोणी भापकर, बारामती तालुक्याच्या जिरायती अंगाला. निरा डाव्या कालव्याला १८८५ साली पाणी सुटलं आणि खालच्या पट्ट्यात पुढं ऊस उभा राहिला. आमच्याकडं बाजरी, ज्वारी, हुलगा. परसात वीत-दीड वीत माती, तिच्याखाली मुरूम. तालुक्यातल्याच माळेगावला २००९ साली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था निघाली, तिथं दुष्काळाचा आणि अशाच उथळ मुरमाड जमिनीचा अभ्यास चालतो. तेव्हा ही काही माझ्या एकटीच्या परसाची अडचण नाही. पण गुलखैऱ्याला सोटमूळ असतं, गाजरासारखं सरळ खाली उतरणारं. ते मुरमावर अडलं की झाड गुडघाभर होऊन थांबतं. म्हणून दीड-दीड फुटाचे खड्डे, दोहोंमध्ये दोन फूट अंतर. निघालेला मुरूम बाजूला टाकायचा, खड्ड्यात गाळाची माती आणि कुजलेलं शेणखत, तीन घमेल्यांना एक. सहा खड्डे होईपर्यंत खांदे भरून येतात. हे काम दरवर्षीचं नाही. एकदा खोल केलेला खड्डा पुढची बरीच वर्षं कामाला येतो.

साडेआठ. बी. रात्री कोमट पाण्यात घातलेलं बी फुगलंय, पण उरलेल्या चकत्या मी मुद्दाम नातीसाठी तशाच ठेवल्या आहेत. फूल गळालं की पाकळ्यांमागचं हिरवं आवरण मिटतं आणि आत एक चपटी चकती पिकते. वाळल्यावर बोटानं उघडली तर आत पंचवीस-तीस बिया गोल रांगेत उभ्या, सुट्टे पैसे गुंडाळीत लावावेत तशा, एकीला एक खेटून. प्रत्येक बी चपटं, कडेला झालर असलेलं, करड्या रंगाचं. नातीनं एक-एक सुटं करून मोजलं, सत्तावीस भरल्या. ही चकती ज्या झाडाची, ते गर्द जांभळं होतं. ह्या बियांतून जांभळंच येईल, असं मी तिला सांगितलं नाही. फुलात आधी पुंकेसरांचा खांब परागानं भरतो आणि स्त्रीकेसराचे धागे त्यातून मागाहून बाहेर पडतात. तोवर मधमाशी शेजारच्या गुलाबी फुलावरून अंगभर पराग माखून आलेली असते. रंग कुठला येईल ते फेब्रुवारीतच कळतं.

नऊ. प्रत्येक खड्ड्यात तीन बिया, नखभर खोल, वर चाळलेली माती. रोपं करून लावायची नाहीत. पहिल्या वर्षी मी तयार रोपं विकत आणली होती. पिशवीत सोटमूळ वळून वेटोळं झालेलं. पंधरा दिवसांत सगळी माना टाकून गेली. खत कमी पडलं, पाणी जास्त झालं, असं मी म्हणत राहिले, आणि वाळलेलं रोप उपटलं तेव्हा खरं कारण हातात आलं. बी जिथं वाढायचं तिथंच टाकावं. जागा नसेल तर कागदाच्या उंच पुरचुंडीत टाकून तीन पानांवर असताना पुरचुंडीसकट लावावं.

खुरपायला आलेल्या मावशी कुंपणापाशी थांबल्या. “बाई, कपाशी लावताय का काय?” पानं बघून त्यांचा समज झाला होता. मी म्हटलं, कपाशीचंच भावंड आहे. भेंडी, अंबाडी, जास्वंद सगळी ह्याच कुळातली. त्यांनी पान उलटं करून बघितलं आणि म्हणाल्या, “मग तांबडं ढेकूण येणार की.” येतातच. चकत्या पिकायला लागल्या की तांबड्या ढेकणांची पिलावळ त्यांच्यावर बसते. सकाळच्या थंडाव्यात ते जड असतात, तेव्हा साबणाच्या पाण्याच्या डब्यात झटकायचे. मावशी चाळीस वर्षं कपाशी-भेंडीत वावरल्या आहेत. फुलझाडांच्या पुस्तकानं मला जे सांगितलं नाही ते त्यांनी पान बघून सांगितलं.

दहाला आळ्यांभोवती चुलीची राख, मुंग्यांसाठी. वर ओलं गोणपाट, त्यावर बाभळीच्या काट्या, कोंबड्यांसाठी. कोंब यायला दहा ते चौदा दिवस. दिसले की गोणपाट त्याच दिवशी काढायचं. पेरणी आत्ताच का, तर पाऊस सरलेला असतो आणि थंडी पुढं असते. थंडीभर झाड जमिनीलगत पानं पसरून मूळ खाली सोडतं आणि ऊन तापायला लागलं की दांडा उचलतं. जूनमध्ये टाकलेलं बी माझ्याकडं कुजलं.

अकरा ते तीन स्वयंपाक, जेवण, पडणं. ऑक्टोबरच्या उन्हात परसात काही करू नये. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी मात्र बादलीत साठतं.

साडेतीन. जुन्या चार झुडपांची पानं एकेक करून उलटी करते. दिवसाचं खरं काम हेच. पानाच्या वरच्या अंगाला पिवळा ठिपका दिसला की खालच्या अंगाला हमखास विटकरी रंगाची पुटकुळी असते, बोटाला खरखरीत लागणारी. तांबेरा. गव्हावरचा तांबेरा आपल्याला माहीत असतो. हा त्याच जातकुळीतला, पण गुलखैऱ्याच्या कुळातल्या झाडांवर जगणारा. मूळचा चिलीचा. १८७३ साली तो इंग्लंडात पोचला आणि तिथल्या बागांतली हॉलीहॉकची आवड त्यानं पार मोडून काढली. ओल्या पानावर तो रुजतो. आमचा कोरडेपणा, ज्याला आम्ही जन्मभर नावं ठेवली, तो इथं उपयोगी पडतो. आज तीन पानं निघाली. ती चुलीत गेली, उकिरड्यावर नाही.

पाच. पाणी, आणि तेही पानांवर नाही. दोन खड्ड्यांच्या मध्ये एक-एक मडकं गळ्यापर्यंत पुरलंय, बादलीतलं पाणी त्यात. मडकं पाझरतं, मूळ ओलीच्या मागं खोल जातं. गेल्या मे महिन्यात टँकरची वाट बघताना असल्याच मडक्यांवर ती चार जुनी झाडं जगली, आणि पाचटावर. खालच्या पट्ट्यातून पाव्हण्यांनी आणलेलं उसाचं पाचट मी बुडाशी चार बोटं जाड घातलं होतं. जी सात गेली, त्यांच्यापर्यंत ते पुरलं नव्हतं.

सहाला नातीला घेऊन मल्लिकार्जुनाच्या देवळाकडं. पुष्करणीपाशी अंगभर बारीक मूर्ती कोरलेला यज्ञवराह आहे, पृथ्वी पाण्यातून वर काढणारा. नात त्याच्या अंगावरच्या मूर्ती मोजते, सकाळी बिया मोजल्या तशीच.

आठ वाजता वहीत तारीख, सहा खड्डे, अठरा बिया.

मार्चात तुमच्या दारी गुलखैरा फुलला, तर एप्रिलमध्ये तो उपटू नका. बियांसाठी एक दांडा ठेवा, बाकीचे चकती धरायच्या आत वीतभर ठेवून छाटा, बुडाशी पाचट घाला आणि ऑक्टोबरपर्यंत वाट बघा.