गोंगाट कीं नाद?

गडचिरोलीच्या अरण्यांत गोंडांचा ढोल कानांआधीं छातीला जाणवतो. रेला गीताचें पालुपद फिरून फिरून येतें. त्यास गोंगाट म्हणणें हा आपल्याच कानांचा दोष. तोच न्याय विजेच्या गिटारवरील ‘हेवी मेटल’ या पाश्चात्त्य संगीतास लावावा. १९६५ सालीं बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यांत डावखुऱ्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें तुटलीं. तारा दाबणारीं बोटें तींच. त्यानें त्यांवर टोप्या चढविल्या, पुढें तारा सैल करून स्वर उतरविला. ‘ब्लॅक सॅबथ’चा गंभीर नाद त्यांतून घडत गेला. १९८३ सालीं ‘मेटॅलिका’च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेनें त्यास अतिद्रुत लय दिली, तिलाच ‘थ्रॅश’ म्हणतात. ऐकतांना शब्दांमागें धावूं नये. गिटारचा फिरून येणारा मुखडा धरावा, समेसारखी त्याची वाट पाहावी. मग त्या कल्लोळांतील रचना उमगते.