कोयनेची भीती वाटते, मग गावच्या तलावाची का नाही?

जुलै संपत येतो, कोयना भरत येते आणि सातारा-सांगलीतल्या कॉलेज ग्रुपवर एक व्हॉइस नोट फिरायला लागते. आवाज घाबरलेला, बोलणाऱ्याचा पत्ता नाही आणि मजकूर दरवर्षी तोच : 'धरणाला धोका आहे, नदीकाठच्यांनी लगेच बाहेर पडा.' तुम्हीही ती ऐकली असेल, काळजीपोटी मामाला नाहीतर आत्याला फॉरवर्डही केली असेल. पण त्यातला 'धोका' म्हणजे नेमकं काय, हे कुणी विचारतं का?

इंजिनीअर मंडळी धरणाबद्दल दोन वेगवेगळे प्रश्न विचारतात. एक : हे धरण फुटलं, तर खाली काय होईल? दोन : आज या धरणाची तब्येत कशी आहे? पहिल्याच्या उत्तराला धोक्याची पातळी म्हणतात, दुसऱ्याच्या उत्तराला धरणाची स्थिती. आपण या दोन्हींची सरमिसळ करतो आणि सगळा घोळ तिथेच होतो.

कॉलेजच्या भाषेत सांगायचं, तर धोक्याची पातळी म्हणजे विषयाचे क्रेडिट आणि स्थिती म्हणजे तुमचा अभ्यास. चार क्रेडिटचा विषय राहिला तर फटका मोठा बसतो, पण म्हणून तुम्ही त्यात नापासच होणार असं नाही ना! आणि एक क्रेडिटचा विषय सोपा म्हणून पुस्तकच उघडलं नाही, तर तोही राहतो.

आता कोयना घ्या. साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे जवळपास २,८३० कोटी लिटर पाणी. खाली पाटण, कराड आणि पुढे कृष्णाकाठी सांगली. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर कायमच 'धोक्याची पातळी मोठी' असं येणार. धरण कितीही मजबूत केलं तरी ते बदलत नाही, कारण मागचं पाणी आणि खालची माणसं तेवढीच राहतात.

दुसऱ्या प्रश्नाचा कस ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे लागला. भूकंपात कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. धरणाच्या वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या, पण धरण फुटलं नाही. नंतर भेगा बुजवल्या, मागून काँक्रीटचे आधार देऊन भिंत भक्कम केली. आज सिव्हिलची मुलं वापरतात त्या 'अबॅकस' सॉफ्टवेअरच्या उदाहरणांमध्ये भूकंपात धरण कसं तडकतं हे शिकवायला आपलं कोयनाच घेतलंय.

मग २०१९ मध्ये सांगली बुडाली ती कशाने? आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. पण तेव्हा कोयना फुटलेलं नव्हतं. धरण धडधाकट असूनही खाली पूर येऊ शकतो. भरत आलेल्या धरणातून पाणी सोडावंच लागतं. एक लाख क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालला, तर साडेआठ टीएमसीहून जास्त पाणी नदीत उतरतं. त्यात धरणाखाली पडलेला पाऊस आणि हरिपूरला मिळणारी वारणा. म्हणून 'पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक' आणि 'सहा वक्र दरवाजे उचलले' या दोन बातम्या सारख्या नाहीत. पहिली वाचून चहा प्या. दुसरी वाचलीत, तर विसर्गाचा आकडा आणि आयर्विनची पातळी बघा. तुमचं घर पूरपट्ट्यात असेल, तर कागदपत्रं वरच्या मजल्यावर न्या आणि प्रशासनाने सांगताच निघा. पण ती धरणफुटीची बातमी नव्हे.

धरण खरोखर फुटलं ते घाटाखाली, चिपळूण तालुक्यात. २ जुलै २०१९ च्या रात्री तिवरे धरण फुटलं. कोयनेच्या तुलनेत एवढंसं धरण. पण त्याच्या पायथ्याशी घरं होती आणि वीसच्या आसपास माणसं गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. पुढे मंत्र्यांच्या 'खेकड्यांनी धरण पोखरलं' या वक्तव्यावर भरपूर मीम्स आले आणि आपल्या लक्षात खेकडेच राहिले. खरी गोष्ट एवढीच, की धरणाची तब्येत बिघडली होती आणि ते डोळ्यांना दिसत होतं.

धरणांच्या तपासणीत सापडलेल्या दोषांचे तीन वर्ग करतात. वर्ग एक म्हणजे धरण फुटण्यापर्यंत नेऊ शकणारे दोष, वर्ग दोन म्हणजे तातडीने दुरुस्त करायचे मोठे दोष, वर्ग तीन म्हणजे किरकोळ. इथे पहिला नंबर येणं चांगलं नाही, हे लक्षात ठेवा. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक केली, आपत्कालीन कृती आराखडाही सक्तीचा केला. पण हा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना लागू आहे. १० ते १५ मीटरमधल्या धरणांना काही अटींवर. तुमच्या गावाच्या वरच्या अंगाला असलेला छोटा पाझर तलाव बहुधा यात बसतच नाही. म्हणजे त्याच्याकडे कायद्यापेक्षा गावाचंच लक्ष जास्त हवं.

ते लक्ष तुम्ही ठेवू शकता. त्यासाठी सिव्हिलची डिग्री लागत नाही. मे महिन्यात सुट्टीला घरी जाल, तेव्हा तलावावर चक्कर मारा. मातीच्या भरावावर झाडं वाढलीत का? बिळं आहेत का? माथा कुठे खचलाय का? दगडी अस्तर घसरलंय का? सांडव्यात झुडपं किंवा कुणाचं अतिक्रमण आहे का? पाणी भरल्यावर पायथ्याशी पाझर दिसला, तर त्याचा रंग बघा. मातीचं धरण थोडं पाझरतंच. पाणी नितळ आणि धार तेवढीच असेल, तर नोंद ठेवून लक्ष ठेवायचं. धार वाढतेय आणि पाणी गढूळ येतंय, तर आतली माती वाहून चाललीय. तेव्हा फोटो काढत तिथे थांबायचं नाही. खालच्या घरांना सांगायचं आणि तलाठी, ग्रामपंचायत, तहसील, सगळीकडे फोन लावायचा.

एरवी मात्र तारखेसह फोटो काढा, ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. शेवटची तपासणी कधी झाली, काय सापडलं, दुरुस्ती झाली का, हे माहिती अधिकारात विचारा. अर्जाला दहा रुपये लागतात. तुमच्या गावात हा प्रश्न आजवर कुणीच विचारला नसेल, तर पहिला अर्ज तुमचा असू द्या.