बांध कोणाचा? आधी पंच ठरवा, मग मोजा

मानखुर्दच्या घरातून रेकॉर्ड करतोय, मध्येच हार्बर लोकलचा आवाज आला तर सांभाळून घ्या. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहूनही टाकतोय.

आजचा विषय बांध. गावाकडे आमचे बाबा आणि शेजारचे नाना सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. बाबा म्हणायचे, त्यांनी बांध कोरला. नाना म्हणायचे, तुम्हीच सरकवला. आम्ही मोजणी आणली, नानांनी खुणा मानल्या नाहीत. त्यांनी मोजणी आणली, तेव्हा बाबांनी सही केली नाही.

मी इंजिनिअर माणूस, मला वाटायचं की मोजमाप अचूक असलं की वाद संपतो. चूक! मोजमाप होतंच. 'येईल तो निकाल दोघांना मान्य' हे आधी ठरलेलं नव्हतं.

कायद्यात याची सोय आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. कलम १३५ प्रमाणे सर्व्हे नंबर किंवा पोटहिश्श्याच्या हद्दीचा वाद जिल्हाधिकारी रीतसर चौकशी करून ठरवतात, दोन्ही बाजूंना पुरावा मांडता येतो. कलम १३८ म्हणतं, अशी ठरलेली हद्द निर्णायक. मग पलीकडे ताबा ठेवणाऱ्याला हटवताही येतं. म्हणजे भूकरमापकाने दाखवलेली खूण हा पुरावा, निकाल नव्हे. मोजणी पटली नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडून निमताना मोजणी मागता येते.

इंग्लंडमध्ये सामाईक भिंतीसाठी १९९६ चा कायदा आहे. दोघे मिळून एक सर्व्हेअर नेमतात, किंवा प्रत्येकी एक. त्यांचा निवाडा बंधनकारक, अपिलाला फक्त १४ दिवस. हद्दीच्या वादांनाही हीच पद्धत लावायचं विधेयक तिथल्या संसदेत आलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही.

आम्ही काय केलं? नानांचा मुलगा वाशीला असतो. आम्ही दोघं चहावर बसलो आणि वकिलाकडून एक करार लिहून घेतला. त्यात चार गोष्टी: दोघांच्याही ओळखीचा नसलेला एक निवृत्त भूकरमापक, कुठला जुना नकाशा आणि टिपण धरायचं, खर्च निम्मा-निम्मा, आणि तो आखेल ती रेषा दोघांना बंधनकारक. मोजणीच्या आधी बाबांनी आणि नानांनी सह्या केल्या. नंतर नाही, आधी! रेषा कोणाच्या बाजूला जाईल हे माहीत नसतं, तेव्हाच माणूस न्याय्य नियम मान्य करतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. तज्ज्ञ फक्त रेषा सांगतो; मालकी, वारसा, हिस्सा हे प्रश्न तो सोडवत नाही. आणि घरगुती कागदाने सातबारा बदलत नाही. नोंदीपेक्षा वेगळी जमीन द्यायची-घ्यायची ठरली, तर नोंदणीकृत दस्त लागतो. मुंबईत सातबाऱ्याच्या जागी बहुतेक ठिकाणी मालमत्ता पत्रक असतं, त्यामुळे चौकशी नगर भूमापन कार्यालयात करा.

आमचा निकाल? रेषा आमच्या विरोधात गेली. चार फूट. बाबा बांधावर बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "गेलं तर गेलं. निदान नानाच्या पोरीच्या लग्नाला जाता येईल."

गेल्या महिन्यात पत्रिका आली. नाना स्वतः घेऊन आले होते.