सौर प्रारणाचे अनुमान, अभ्राच्छादित आकाशातील

आकाश ढगाळ असताना भूपृष्ठाच्या क्षितिजसमांतर एकक क्षेत्रफळावर पोहोचणाऱ्या सौर ऊर्जेचे इतर निरीक्षणांवरून केलेले गणन. पिकांची पाण्याची गरज, जलाशयांतील बाष्पीभवन व सौर विद्युत् केंद्रांचे संभाव्य उत्पादन ठरविण्यासाठी या ऊर्जेचे मूल्य लागते. प्रारणमापक सर्वत्र बसविणे शक्य नसल्याने अनुमानपद्धतींचा अवलंब करावा लागतो.

वातावरणाच्या माथ्यावर सूर्यकिरणांना लंब असलेल्या पृष्ठावर दर चौ. मी. ला सरासरी सु. १,३६१ वॉट ऊर्जा मिळते (सौरांक). अक्षांश, दिनांक व वेळ यांवरून तेथील प्रारण अचूकपणे काढता येते. मुख्य अडचण ढगांमुळे उद्‌भवते. ढगांतील जलबिंदू व हिमस्फटिक सूर्यप्रकाशाचे प्रामुख्याने प्रकीर्णन करतात. शोषण त्यामानाने कमी असते. त्यामुळे सूर्यबिंबाकडून सरळ येणारे प्रत्यक्ष प्रारण घटते व आकाशाच्या सर्व भागांतून येणाऱ्या विसरित प्रारणाचा वाटा वाढतो. दाट ढगांखाली बहुतेक सर्व प्रारण विसरित असल्याने वस्तूंच्या स्पष्ट सावल्या पडत नाहीत.

सूर्यप्रकाश-कालावधीची पद्धत : स्वीडिश शास्त्रज्ञ आंगस्ट्रॉम यांनी १९२४ मध्ये मांडलेल्या संबंधाला प्रेस्कॉट यांनी १९४० मध्ये पुढील रूप दिले : प्र = ब (क + ख × त/द). येथे प्र हे भूपृष्ठावरील व ब हे वातावरणाबाहेरील दैनिक प्रारण, त हे प्रत्यक्ष ऊन पडल्याचे तास व द ही दिनमानाची लांबी होय. कॅम्बेल-स्टोक्स उपकरणात काचेच्या गोलाने एकवटलेल्या किरणांमुळे कागदी पट्टीवर उमटलेल्या जळखुणेच्या लांबीवरून त मिळतो. स्थानिक मापने नसल्यास क = ०·२५ व ख = ०·५० ही मूल्ये घेतात. उदा., जुलैमध्ये पुण्याच्या अक्षांशावर ब सु. ४० मेगॅजूल/चौ. मी. असतो, १३ तासांच्या दिवसात ३·२५ तासच ऊन पडल्यास प्र सु. १५ मेगॅजूल/चौ. मी. येतो.

मेघाच्छादनाची पद्धत : निरीक्षक आकाशाचे किती अष्टमांश ढगांनी व्यापले आहेत ते नोंदवितो. कास्टेन व चेप्लाक यांनी हँबर्ग येथील नोंदींवरून १९८० मध्ये काढलेल्या सूत्रानुसार आकाश पूर्ण झाकलेले असता निरभ्र स्थितीच्या सु. २५% प्रारण खाली पोहोचते. परंतु ही सरासरी आहे. विरळ तंतुमेघांतून सु. ६०%, तर वर्षास्तरमेघांतून सु. १६% प्रारण येते. नोंदीत मात्र दोन्ही वेळी आठ अष्टमांशच दिसतात. विखुरलेल्या राशिमेघांच्या कडांवरून होणाऱ्या प्रकीर्णनामुळे प्रारण काही मिनिटे निरभ्र स्थितीपेक्षाही अधिक होऊ शकते. म्हणून अशी सूत्रे मासिक सरासरीसाठी उपयुक्त, पण एखाद्या तासासाठी कमी विश्वसनीय ठरतात.

उपग्रहांचा उपयोग : उपग्रहीय प्रतिमेतील ढगाची चकाकी निरभ्र भूमीच्या चकाकीशी ताडून मेघांक काढतात व त्यावरून प्रारण ठरवितात. यामुळे मापनकेंद्रे नसलेल्या प्रदेशांचीही माहिती मिळते.

भारतात आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्षाच्या (१९५७-५८) सुमारास भारतीय वातावरणविज्ञान विभागाने प्रारणमापन केंद्रांचे जाळे उभारले. त्यात ॲना मणी यांचा मोठा वाटा होता. त्यांनी संकलित केलेली भारतातील सौर प्रारणाची आधारसामग्री १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. क व ख यांची मूल्ये स्थळ व ऋतू यांनुसार बदलत असल्याने, विशेषतः मॉन्सूनच्या काळात, कोणत्याही अनुमानाची विश्वसनीयता अखेर अशा भूपृष्ठीय मापनांशी तुलना करूनच ठरते.