'नॅचरल' सुगंधाचं लेबल वाचताना

हेडफोन लावलेत ना? मग घरातली एखादी सुगंधी वस्तू हातात घ्या. साबण, क्रीम, काहीही. आणि मागची बारीक अक्षरं वाचा.

तिथे लिनालूल, लिमोनीन, जेरानिऑल असे शब्द दिसले की आपण लगेच म्हणतो, "बघ, केमिकल घातलंय!" थांबा जरा. संत्रं सोलताना सालीतून जो बारीक फवारा उडतो ना, त्यात मुख्यतः लिमोनीनच असतं. लिनालूल लॅव्हेंडरमध्ये असतं, जेरानिऑल गुलाबात. हेच पदार्थ कारखान्यातही बनतात. कारण किलोभर गुलाबतेल काढायला हजारो किलो पाकळ्या लागतात. चाळीस रुपयांच्या साबणात तेवढा गुलाब कुठून येणार, सांगा!

बरं, मग नॅचरल असलं की बिनधास्त लावायचं? मीही तसंच केलं होतं. संत्र्याच्या तेलाची अर्धी बाटली, झाकण सैल, कित्येक महिने खिडकीत पडलेली. खोबरेल तेलात मिसळून मानेला चोळलं. आई नको म्हणत होती, तर तिला म्हणालो, "अगं, फळाचंच आहे, काय होणार?" दोन दिवसांनी मान लालभडक आणि खाज अशी की झोप नाही.

झालं काय, तर लिमोनीन आणि लिनालूल हवेशी संपर्कात राहिले की त्यांच्यापासून हायड्रोपेरॉक्साइड नावाची संयुगं तयार होतात. ॲलर्जी होते ती मुख्यतः यांची. म्हणजे ताज्या बाटलीपेक्षा जुनी, उघडी बाटली जास्त त्रासदायक. आणि अशी ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते.

म्हणूनच युरोपात नियम आहे. असे ठरावीक घटक क्रीममध्ये ०.००१ टक्क्यापेक्षा आणि धुऊन टाकायच्या साबण-शाम्पूत ०.०१ टक्क्यापेक्षा जास्त असले, तर त्यांची नावं लेबलवर छापावी लागतात. मग ते फुलातून आलेले असोत की कारखान्यातून. उलट नुसतं 'परफ्यूम' लिहिलं असेल, तर त्या एका शब्दामागे डझनावारी पदार्थ असू शकतात. ती लांबलचक नावं दिसली तर घाबरू नका, उलट बरंच आहे.

बर्गमॉटचं तेल, म्हणजे अर्ल ग्रे चहाला ज्याचा वास असतो ते, लावून उन्हात जाऊ नका. त्यातल्या बर्गाप्टेनमुळे त्वचा भाजल्यासारखी होते, काळे डाग पडतात.

नवीन काही आणलंत तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावा, रोज, आठवडाभर. खाजलं तर लगेच बंद. आणि बाटलीवर उघडल्याची तारीख लिहून ठेवा. पेन नसेल तर मोबाइलवर फोटो काढा, तारीख आपोआप राहील.