कोंडाईबारीच्या पलीकडे

साक्रीच्या माणसाला फिरायला जायचं म्हटलं की आधी लांबचं सुचतं. मनाली, माउंट अबू, गेला बाजार महाबळेश्वर. आमच्या ओळखीत काश्मीर पाहून आलेली जोडपी सापडतील, पण वांसद्याचं राष्ट्रीय उद्यान पाहिलेलं एकही सापडायचं नाही. खरं तर आपल्याला सगळ्यांत जवळचं राष्ट्रीय उद्यान तेच. ते गुजरातेत, नवसारी जिल्ह्यात आहे म्हणून आपलं वाटत नाही, एवढंच. मला हे फार दिवस खुपत होतं. गेल्या वर्षी भाऊबीज आटोपली आणि मी यांना म्हटलं, "अहो, या खेपेला गाडी पश्चिमेला काढू. कोंडाईबारी उतरू, डांग बघू आणि साल्हेरच्या अंगाने घरी येऊ." यांनी नकाशा पसरला, आणि त्या मुलखाबद्दल जे जे मिळेल ते मी वाचायला घेतलं.

रस्ता ओळखीचाच: सुरत-नागपूर महामार्ग, जुना क्रमांक ६, आता ५३. दहिवेलपर्यंत उघडे माळ आणि लांबवर ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या. घाट उतरला की बाजरी मागे राहते, भाताची खाचरं लागतात, हवेत ओल येते.

विसरवाडीला चहाला थांबलो तेव्हा शेजारी एक ट्रक उभा होता. हौद्यात पत्र्याच्या पेट्या, गोधड्यांची बोचकी, पाण्याचे ड्रम, झोपडीच्या ताट्या, टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या आणि या सगळ्यावर बसलेली माणसं. कडेला बसलेल्या एका बाईला मी विचारलं, "कथा चालनात?" "बारडोली," ती म्हणाली, "ऊस तोडाले." मांडीवर तान्हं मूल होतं. नवरा खाली उतरून बाटल्यांत पाणी भरत होता.

दर दिवाळीनंतर खानदेशातली आणि डांगातली हजारो जोडपी याच रस्त्याने दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे जातात. हिशेबात त्या दोघांची मिळून गणती एक: एक कोयता. तो ऊस तोडतो, ती पाचट काढून मोळ्या बांधते. मुकादमाची उचल पावसाळ्यात, घरात दाणा नसताना घेतलेली असते आणि ती हंगामभर फेडायची असते. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात बारडोलीच्या फडांवर जाऊन या खानदेशी तोडणी कामगारांचा अभ्यास केला. सहकाराचं आदर्श उदाहरण म्हणून मिरवणारी ही कारखानदारी बाहेरून आणलेल्या स्वस्त मजुरीवर कशी उभी आहे, ते त्याने पुराव्यानिशी मांडलं. स्थानिक मजूर हाताशी असताना लांबचे का आणतात? घरापासून तुटलेलं माणूस रात्री-अपरात्री गाडी भरायला उठतं, हे त्यामागचं एक कारण. आमच्या तालुक्यात भाडण्याला पांझरा-कान सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे वर्षानुवर्षं बंद राहिला. पश्चिम पट्ट्यातल्या माणसांना बारडोली सुटली नाही. नवरा-बायकोने मिळून केलेला प्रवास म्हणजे सहल, असं आपण धरून चालतो. या रस्त्यावर तरी तसं धरता येत नाही, आणि हे लिहायला बसले त्याचं अर्धं कारण तेच आहे.

नवापूरला रेल्वे स्थानकात मुद्दाम शिरलो. तापी खोऱ्याची ही रेल्वे सुरत-जळगाव मार्गाची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची. पुढे १ मे १९६०ला दोन राज्यं झाली आणि हद्द फलाटावरूनच गेली. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांची खोली गुजरातेत, घोषणा चार भाषांत. लोक इथे हद्दीवरच्या बाकाचे फोटो काढून जातात. पण त्या वर्षीच्या मुंबई पुनर्रचना कायद्याच्या परिशिष्टात पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा आणि तळोदा तालुक्यांतल्या गावांची यादी आहे. ती गावं खानदेशातून उचलून गुजरातेत घातली. डांगासाठी आणि उंबरगावासाठी संयुक्त महाराष्ट्रवाले भांडले, ते निदान इतिहासात नोंदलं गेलं. या गावांची आठवण धुळ्यातसुद्धा कुणी काढत नाही.

आमचा हा रस्ता म्हणजेच सुरत-बुऱ्हाणपूरची जुनी व्यापारी वाट. १६१५ साली इंग्रज वकील सर टॉमस रो सुरतेहून बुऱ्हाणपूरला निघाला तो व्यारा-नंदुरबारवरून गेला. त्यानंतर आलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने नवापूरच्या बारीक, पांढऱ्याशुभ्र, कस्तुरीच्या वासाच्या तांदळाची तोंड भरून स्तुती केली आहे. सोनगढचा किल्ला मात्र आम्ही खालूनच पाहिला. बडोद्याच्या आधी पिलाजीराव गायकवाडांचं बस्तान इथे होतं.

व्याऱ्याहून महामार्ग सोडून दक्षिणेला वळलं की उनाई, तिथले गरम पाण्याचे झरे, आणि मग झाडी दाट होत जाते. रस्त्याकडेला कोटवाळिया बायका बांबू चिरताना दिसतात. त्यातली एक पायाच्या अंगठ्यात कांब धरून कोयत्याच्या एकाच ओढीने ती दोन करत होती. बोटाला फडकं नाही, नजर हातावर नाही. मी एक सूप घेतलं. तिने सांगितलेला भाव यांनी कमी करायला लावला नाही, याचं मला बरं वाटलं.

वांसदा राष्ट्रीय उद्यान जेमतेम २४ चौरस किलोमीटरचं. पूर्वी हे वांसदा संस्थानच्या राजाचं खासगी जंगल होतं. १९५२पासून इथे झाडतोड बंद आहे आणि १९७९ला ते राष्ट्रीय उद्यान झालं. अंबिका नदीच्या काठाने साग, साडद, हळदू, खैर आणि माणसाच्या मांडीएवढे बांबू. इथे वाघ होता, आता नाही. बिबट्या आहे, पण तो दिसावा म्हणून कुणी इथे येऊ नये. आम्हाला सगळ्यांत जास्त वेळ थांबवलं ते एका कोळ्याने. वाटाड्या अचानक वाकला आणि हाताने खूण केली. बांबूच्या दोन बेटांच्या मधोमध, वाटेवर आडवं, हाताच्या कवेत मावणार नाही एवढं जाळं. ऊन पडलं तसे त्याचे धागे पिवळेधमक दिसले. मध्ये मादी, पाय पसरलेले, तळहात भरेल एवढी, काळ्या अंगावर पिवळ्या रेघा. नर कुठे म्हणून विचारलं तर त्याने जाळ्याच्या वरच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे तांदळाच्या कणीएवढा एक तांबूस ठिपका हलत होता. वाटाड्याने धाग्याला बोटाने हलकेच ताण दिला. धागा लवला, तुटला नाही. हा महाकाय रानकोळी पावसाळ्यानंतर पुरा वाढतो, त्यामुळे कार्तिकात येणाऱ्याला तो हमखास भेटतो.

याच जंगलातून बिलीमोरा-वघई अरुंद रुळांची गाडी जाते. ६३ किलोमीटरचा मार्ग, १९१३ सालचा, बडोदा संस्थानाने बांधलेला. डांगाचं लाकूड खाली नेणं हे त्याचं मोठं काम. तेव्हाचे महाराज सयाजीराव हे आपल्याच शेजारच्या मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे, शेतकऱ्याच्या घरातले, १८७५ला दत्तक गेलेले.

आता रानपिंगळ्याची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती खानदेशची आहे. हा पिंगळा १८७३ला पक्षिशास्त्रज्ञ ह्यूमने शास्त्राच्या नोंदीत आणला. पुढे खानदेशात मुलकी अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसनने शहादा-तळोद्याच्या बाजूला त्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर पक्षी कुणालाच दिसला नाही. अपवाद एकच: कर्नल माइनर्त्सहागनच्या संग्रहातला नमुना, चिठ्ठीवर १९१४ साल आणि तापीकाठचं मांडवी गाव. हे मांडवी बारडोलीच्या उत्तरेला, म्हणजे आम्ही सोडलेल्या महामार्गापासून जवळच. शोधणारे या चिठ्ठीवर विसंबून भलतीकडे फिरत राहिले. अमेरिकेच्या पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला आणि तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, डेव्हिडसनचाच, पुन्हा भरून खोटी चिठ्ठी लावलेला असल्याचं सिद्ध केलं. ती चिठ्ठी बाजूला ठेवून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट जुन्या खऱ्या ठिकाणांकडे आले आणि २५ नोव्हेंबर १९९७च्या सकाळी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा त्यांच्यासमोर झाडावर बसलेला होता. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यातच. ११३ वर्षं हरवलेला पक्षी आपल्या जिल्ह्यात सापडला, आणि आमच्या पिढीला शाळेत हे कुणी सांगितलं नव्हतं! पुढे तो डांगातल्या पूर्णा अभयारण्यातही आढळला. तो दिवसा वावरतो, त्यामुळे नशीब असेल तर उजेडात दिसतो. आमच्या नशिबात नव्हता.

वघईहून आहव्याला चढताना डांग सुरू होतो. १८३०मध्ये इंग्रज अधिकारी जेम्स आउट्रमने खानदेश भिल्ल पलटण घेऊन या डोंगरांवर मोहीम काढली. १८४०च्या दशकात इंग्रजांनी भिल्ल राजांकडून इथली सागवानं पट्ट्याने घेतली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत डांगाचा कारभार खानदेशच्या कलेक्टरकडेच होता. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणात डांगी ही खानदेशीच्याच घरात घातली आहे. आहव्याच्या बाजारात नागलीचे पापड विकणाऱ्या म्हातारीशी मी सरळ अहिराणीत बोलले, ती डांगीत बोलली, आणि व्यवहार कुठे अडला नाही. तिची नात कुडाशीला दिली आहे. कुडाशी म्हणजे आपला साक्री तालुका. कोकणा आणि भिल्ल घरांची ही सोयरीक हद्दीला विचारून होत नाही.

परतताना सापुतारा सोडून दिलं. तिथली हॉटेलं सगळ्यांना ठाऊक आहेत. आम्ही चिंचलीवरून बाभुळण्याचा घाट चढलो. रस्ता अरुंद, वळणं कडक, समोरून एस.टी. आली तर मागे घ्यायची तयारी हवी. वर आलं की साल्हेर समोर उभा राहतो: १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. १६७०च्या ऑक्टोबरात दुसऱ्यांदा सुरत लुटून शिवाजी महाराज याच बागलाणातून परतले, वाटेत दिंडोरीला मोगलांशी झुंज दिली, आणि पुढच्याच वर्षी साल्हेर घेतला. २०२५च्या जुलैत युनेस्कोने जागतिक वारशात नोंदवलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे. डांगाची झाडी एका अंगाला, बागलाणची डाळिंबं दुसऱ्या अंगाला. या गडाने दोन्ही राखलं होतं.

मुल्हेर, ताहाराबाद, शेलबारी करत पिंपळनेरला उतरलो तेव्हा बाजार भरला होता. मार्गशीर्षातल्या डोंगऱ्या देवाच्या उत्सवासाठी लोक खरेदीला आले होते. साक्रीच्या पश्चिमेला, बागलाणात आणि डांगात हा देव एकाच महिन्यात बसतो, पावरी एकाच सुरात वाजते. यांनी तिथेच चौकशी करून ठेवली की होळीच्या आधी आहव्याला भरणाऱ्या डांग दरबाराला, जिथे भिल्ल राजांना आजही सरकारातून सालियाना मिळतो, पिंपळनेरहून कुठल्या वाटेने लवकर पोचता येईल.